खोलीबाहेरचं बाकडं

परतूर,
३ जानेवारी २००५

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. पत्रासाठी मुद्दाम सकाळची वेळ धरली आहे. ओट्यावर ऊन आलंय, भिंतीपलीकडं शाळेत दुसरीचा वर्ग पाखरांची कविता म्हणतोय आणि नेहमीप्रमाणं मागच्या रांगेतलं एक लेकरू सगळ्यांच्या एक शब्द मागं आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा पाय अजून ठेका धरतो. नवे गुरुजी कविता फार घाईनं उरकतात गं. चालीवर म्हटल्याशिवाय ती लेकरांच्या अंगात उतरत नाही, हे मी त्यांना एकदा सांगायला गेलो, तर म्हणाले, "गुरुजी, चाचण्याच इतक्या असतात आता. गात बसलो तर मंग पोर्शन कवा पुरा करू?" त्यांचंही बराबर आहे. बाकी इकडं जोंधळा हुरड्यात आलाय, बाजारात कापसाच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या आहेत आणि थंडीनं तुझ्या आईचे गुडघे धरलेत. शेजारच्या तुळजाबाई तिळाचे लाडू करायला बसल्यात आणि त्यातले थोडे तुझ्या नावानं डब्यात काढून ठेवणार आहेत. तू येणार असं त्यांनी परस्पर ठरवूनच टाकलंय.

मी काही ठरवलेलं नाही. मी फक्त सांगतोय. कडूबाला आम्ही औरंगाबादला दाखवून आणलं. जून महिन्यात त्याला पहिलीत घेतला होता, दिवाळीआधीच परत पाठवला. माझ्याच शाळेतून, बेबी. हेडमास्तर मला काकुळतीनं म्हणाले, "गुरुजी, तुमचा नातू म्हणून चार महिने बघितलं. तो खिडकीशी जातो न् गजावरून बोट फिरवत राहतो. हाक मारली तर ऐकत न्हाई, हात धरून बसवला तर किंचाळतो. बाकीची लेकरं भेतात." त्यांनीच औरंगाबादच्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. बाई अशाच लेकरांना तपासतात. त्यांच्या ओळखीची एक शाळा आहे, तिथं कडूबासारख्यांना शिकवतात आणि येत्या जूनपासून त्याला घेतीलही. पण त्याआधी त्याला नेमकं काय झालंय याचं निदान व्हायला हवं, आणि ते अर्धवट राहिलंय. संक्रांतीनंतरच्या मंगळवारी, अठरा तारखेला सकाळी, पुन्हा बोलावलंय. निघताना बाईंनी स्पष्ट सांगितलं, "पुढच्या वेळी त्याच्या आईला आणा. जिनं त्याला जन्म दिला तिला. तिच्याशिवाय मला पुढं जाता येत नाही."

तुला आठवतं का, शाळेत देवीची लस टोचायला लोक यायचे तेव्हा सगळी पोरं संडासामागं लपायची आणि तू माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायचीस. रडायची नाहीस. म्हणायचीस, "बापू, आधी सगळं सांगा." मग मी सांगायचो. आधी दंड पुसतील, गार लागेल. मग सुई दिसेल, तिच्याकडं बघू नकोस, खिडकीतल्या लिंबाकडं बघ. मग मुंगी चावल्यासारखं होईल आणि मग संपेल. एवढं सांगितलं की तू स्वतःहून बाही वर करायचीस. आजही तेच करतोय. त्या दिवशी काय काय होईल ते मी सगळं बघून आलोय. ते ओळीनं सांगतो. मग तू बाही वर करायची की नाही, ते तुझं तू बघ.

परतूरहून सकाळच्या गाडीनं आम्ही गेलो. कडूबा गाडीत खूश असतो. खिडकीच्या कडेवर गाल टेकवून बसतो आणि चाकांच्या आवाजाबरोबर अंग हलवतो. चाल कुठंही न चुकवणारा विद्यार्थी मला उभ्या नोकरीत भेटला नाही, तो असा घरात निघाला. दवाखान्यात जिना चढून गेल्यावर एक लांब बोळ लागतो. बोळात एक लाकडी बाकडं आणि समोर बाईंची खोली. आधी कान तपासले. कान शाबूत निघाले. तुझी आई म्हणाली, "म्या काय म्हन्ले व्हते? वाण्याच्या दुकानात गोळीचा कागद वाजला तरी ह्याला घरातून ऐकू येतं."

मग खोलीत गेलो. सुई नाही, यंत्र नाही, पांढरा कोटसुद्धा नाही. खाली चटई, त्यावर ठोकळे, किल्लीची मोटार, एक बाहुली, चहाच्या खेळण्यातल्या कपबश्या. बाईंच्या हाताखालची एक मुलगी त्याच्याबरोबर खेळायला बसते आणि बाई बाजूला बसून बघतात. बघता बघता लिहितात. त्या लिहायला लागल्या की काही तरी चुकलं असं तुला वाटेल, मला वाटलं. पण त्या चांगलंही लिहितात हे लक्षात ठेव.

आधी त्या मुलीनं त्याला मागून हाक मारली. "सुमेध!" त्यानं मान वळवली नाही. पुन्हा मारली. तुझ्या आईला राहवलं नाही. "त्याला सुमेध कोण म्हन्तं? ते शाळेत घालायचं नाव झालं. कडूबा म्हना, मंग बघा कसा वळतो." मुलगी बिचारी म्हणाली, "कडूबा!" तो मोटारीचं चाक डोळ्याशी धरून फिरवत राहिला. तुझ्या आईनं स्वतः हाक मारली, ती जशी गल्लीच्या टोकापर्यंत मारते तशी. बोळातली माणसं डोकावली. कडूबा नाही वळला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर सारखा केला. पाटीवर सोपं गणित चुकल्यावर पोरं बघतात तसं बघितलं.

मग त्या मुलीनं साबणाचे फुगे उडवले. त्यावर तो हसला, बेबी. त्या खोलीत पहिल्यांदाच. मलाही वाटलं, चला, पास झाला. पण तिनं मध्येच फुंकर थांबवली आणि बाटली मांडीवर ठेवून गप्प बसली. बाईंनी मला नंतर समजावून सांगितलं की खरी तपासणी तिथं असते. दुसरं लेकरू अशा वेळी त्या मुलीच्या तोंडाकडं बघतं, बाटलीकडं बोट दाखवतं, पुन्हा तोंडाकडं बघतं. अजून कर म्हणून. कडूबानं तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्यानं तिचं मनगट धरलं आणि हात नेऊन बाटलीवर ठेवला. खुंटीवरचं काही काढायला काठी घ्यावी, तसा. बाईंनी ते लिहून घेतलं. मी म्हणालो, "घरीही तो माझा हात असाच धरतो. मी कविता म्हणताना शेवटच्या ओळीआधी थांबलो, तर माझाच हात उचलून माझ्या हनुवटीवर ठेवतो. म्हणजे पुढं म्हण." बाईंनी तेही लिहून घेतलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, तो माझा हात धरतो. मी त्यांना तसं म्हटलं नाही, पण त्यांना माझा चेहरा दिसला असावा. पेन थांबवून म्हणाल्या, "काका, प्रेम नाही असं मी कुठं लिहिलंय?"

मध्ये एक गंमतही झाली. त्या बाहुलीचा वाढदिवस करतात. मातीसारख्या लगद्याचा केक, त्यात मेणबत्ती, फुंकर मार, टाळ्या वाजव, बाहुलीला भरव. लेकरू खोटंखोटं खेळतं का, ते बघायचं असतं. कडूबानं मेणबत्ती उपटून नाकाशी धरली. तुझी आई लगेच वकील झाली. "बाई, आमच्यात हे आसलं करत न्हाईत. ह्याचा वाढदिवस आमी कधी केला न्हाई, ह्यांना तर सोताचा दिस बी ठाव न्हाई, शाळेत टाकताना मास्तरानं जूनचा लावला. मंग ह्याला काय कळावं?" बाई मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "खरंय आजी, चूक माझी." केक बाजूला सारला आणि त्याच लगद्याची भाकरी थापून दिली. बाहुली उपाशी आहे, तिला भाकर दे. तुझी आई चटईच्या काठापर्यंत सरकली होती. मीही. त्यानं ती भाकर उभी धरली आणि चाकासारखी चटईवरून घरंगळत सोडली. किती सरळ गेली, बेबी. थेट दारापर्यंत.

मला सगळ्यात जड काय गेलं सांगू? गप्प बसणं. जन्मभर मी अडखळणाऱ्या लेकराला पहिलं अक्षर सुचवत आलो. तिथं सुचवायचं नसतं. तूही सुचवू नकोस. हात मांडीवर ठेव आणि बस.

आता पुढचं लिहायला जरा थांबलो होतो. तुझी आई चहा घेऊन आली आणि "कोनाला लिहून राह्यले?" म्हणाली. तुझं नाव सांगितलं तर चहा ठेवून आत गेली. मधल्या सुट्टीची घंटा झालीय आणि शाळेत गलका आहे. कडूबा अशा वेळी कानांवर हात ठेवून माजघरात जातो.

लेकराचा खेळ झाल्यावर मोठ्या माणसांचे प्रश्न सुरू होतात. गरोदरपण आणि बाळंतपण कसं झालं, केव्हा रडला, केव्हा पहिल्यांदा हसला, केव्हा बोट दाखवलं, पहिला शब्द कोणता. बाईंनी विचारलं, "याची आई कोण?" आणि तुझी आई म्हणाली, "मीच."

तिला खोटं बोलायचं नव्हतं. तुला तो दिवस आठवत असेल, किंवा आठवायचा नसेल. तुझा वसंता विहिरीच्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्याला वर्ष उलटलं होतं. त्याच्या घरी लेकराला सांभाळेल असं कुणी उरलं नव्हतं. भोकरदनचं स्थळ आलं. अप्पाराव एसटीत, घरी दोन बिनआईच्या मुली. आपल्यात बाई दुसऱ्या घरी देताना आधीचं लेकरू बरोबर जात नाही, ते माहेरी कुणाच्या तरी पदरात घालतात. समाजमंदिरात दहा माणसं बसली होती. कडूबाला तुझ्या मांडीवरून उचलून तिच्या पदरात ठेवलं आणि तिनं सगळ्यांसमोर म्हटलं, आजपासून ह्याची आई मी. तुला ठाऊक आहे, तुझी आई बोललेलं मोडत नाही. त्या दिवसापासून ती त्याला नातू म्हणत नाही. तिनं डॉक्टरबाईंनाही तेच सांगितलं.

आणि मग ती उत्तरं द्यायला लागली. इतकी भराभर, इतकी आनंदानं, की मी बघतच राहिलो. "हसला तो लवकर. दीड महिन्याचा व्हता, दिव्याकडं बघून हसला. बोट तर लई दाखवायचा. मी कडेवर घेऊन टेशनाकडं जायची, सिग्नलचा हात खाली पडला की बोट करायचा न् 'पलला, पलला' म्हनायचा. तोच पहिला शब्द. गार्डाला टाटा करायचा. ओट्यावर बाहुली थापटून निजवायचा, चिंधीची." बाई लिहीत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी आली. कडूबाकडं बघितलं, पुन्हा तुझ्या आईकडं. म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षांचा होईपर्यंत हा बोलायचा, बोट दाखवायचा, बाहुलीशी खेळायचा? आणि मग थांबला? त्या सुमाराला घरात काही घडलं होतं का?" आणि तुझी आई एकदम रडायला लागली. "सगळं गाव तेच म्हन्तं, बाई. माय गेली न् पोराची वाचा गेली."

गाव म्हणतं, हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. पण तुझ्या कानांवर आलंच आहे. चौदा एप्रिलला तू आली होतीस, तेव्हा ओट्यावरच्या बायका बोलल्या, ते मीही ऐकलं. मिरवणुकीचे ढोल दारात आले होते, कडूबा घाबरून पलंगाखाली गेला होता. तू जयंतीच्या पांढऱ्या साडीत जमिनीवर आडवी होऊन त्याला हाका मारत होतीस. बाहेर काढलास तर तो किंचाळला, तुला चावला आणि भिंतीशी जाऊन बसला. "आईला वळखत न्हाई पोरगं," कुणी तरी म्हणालं. तू जेवली नाहीस. संध्याकाळच्या गाडीनं गेलीस आणि त्यानंतर आली नाहीस. मी तुला दोष दिला नाही, आजही देत नाही.

पण त्या खोलीत मला एकदम काही तरी खटकलं. सिग्नलचा हात. बेबी, हात खाली पडणारा तो सिग्नल मीटरगेजच्या छोट्या लाईनीच्या वेळचा. मोठी लाईन आली आणि आपण स्टेशनाकडचं घरही सोडलं, तेव्हा कडूबाचा पत्ताही नव्हता. मी तुझ्या आईच्या हाताला धरलं. म्हणालो, "द्वारका, हे तू कुणाचं सांगतीस? हे आपल्या बेबीचं आहे." ती माझ्याकडं बघत राहिली. पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाली, "आवो, मंग ह्याचं काय सांगू? मला ह्याचं काहीच ठाव न्हाई."

कडूबाच्या मोटारीचं चाक फिरतच होतं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, उठून तुझ्या आईला पाणी दिलं. आई म्हणवून घेतलं तिनं, बेबी, आणि आई म्हटल्यावर तिला आठवलं ते तिचं स्वतःचं लेकरू. तू. तुझं तान्हेपण तिनं कसं जसंच्या तसं ठेवलंय, ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तुला बघायला मिळत नाही म्हणून ती कधी एक शब्द बोलली नव्हती.

मग मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. वसंता असताना तुम्ही दोघं दिवाळीला आला होतात, कडूबानं नुकतंच पाऊल टाकलं होतं. मी त्याला मांडीवर घेऊन कविता म्हणत होतो आणि तो माझ्या चष्म्याच्या काडीकडं बघत होता. तू चुलीशी बसली होतीस. तिथूनच म्हणालीस, "बापू, ह्यो माझ्याकडं बघत न्हाई. पाजतानासुद्धा न्हाई. वाटीकडं बघतो, पाळण्यावरच्या झुंबराकडं बघतो, माझ्याकडं न्हाई." तुळजाबाई हसून म्हणाल्या होत्या, बापावर गेलाय, लाजाळू आहे. वसंतानंही हसून मान खाली घातली होती. तू मात्र हसली नव्हतीस. मी हे सांगत होतो आणि डॉक्टरबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "काका, हे जर असं असेल, तर याचं हे सगळं आई जायच्या आधीपासूनचं आहे. हे लेकरू असंच जन्माला आलंय. आई गेल्यानं असं होत नाही, आई असल्यानंही ते टळलं नसतं. पण हे मला तिच्याच तोंडून कळायला हवं. तिनंच पहिल्यांदा बघितलंय."

बेबी, हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोकत आलो, एक शब्दही गळू नये म्हणून. आता तुझ्याजवळ पोचतं केलं. पुन्हा वाच. गाव काय म्हणतं ते गावाजवळ राहू दे.

त्याला काय झालंय, त्याचं नाव बाई शेवटच्या दिवशी सांगणार आहेत, पण मला अंदाज आलाय, कारण बोळातल्या भिंतीवर ते लिहिलेलं होतं. ऑटिझम. आणि खाली मराठीत, स्वमग्नता. मी कितीदा तरी तो शब्द वाचला. इतका सुंदर शब्द दवाखान्याच्या भिंतीवर कशाला, असं वाटलं. मला शाळेत सगळे हेच म्हणायचे ना, गुरुजी आपल्यातच मग्न असतात, तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नाही. एखाद्या कवीला म्हणावं असा शब्द. माझ्या लेकराच्या लेकराला तो असा लागेल, असं वाटलं नव्हतं. तो ऐकून तू रडशील. रड. बाई थांबतात, घाई करत नाहीत. औषध देत नाहीत, औषध नाहीच म्हणाल्या. तो बोलेल का, हे तुझ्या आईनं विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. शिकेल का? तर म्हणाल्या, शिकेल, त्याच्या चालीनं. ही चाल कोणती ते मला विचारायचं होतं, पण तुझी आई उठली.

प्रश्नांना घाबरू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, त्या रागावत नाहीत. वसंताचं विचारतील, तेव्हा मी बाहेर असेन, म्हणजे तुला मोकळेपणानं बोलता येईल. हे पत्र अप्पारावांना दाखव. त्यांना मी वेगळं लिहिलेलं नाही. भला माणूस आहे, एक दिवसाची रजा काढून मुलींना सांभाळील. लेकराला परत पदरात घे, असं मी म्हणत नाही. दहा माणसांत झालेलं तसंच राहील. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आम्ही दोघं औरंगाबादला खोली घेऊन राहू, तुझ्या आईनं भांडीसुद्धा बाजूला काढलीत. तुझ्याकडून फक्त एक सकाळ पाहिजे. भोकरदनहून पहिली गाडी लवकर निघते. आम्ही आदल्या दिवशीच जाणार आहोत, मी स्टँडवर उभा असेन.

आता एकच सांगायचं राहिलंय, आणि खरं तर त्यासाठीच इतकं सगळं लिहिलं. तपासणीच्या शेवटाला बाई आईला खोलीबाहेर जायला सांगतात. लेकरू खेळत असताना आईनं उठायचं, दार लोटून बाहेर जायचं, आणि लेकराला ते कळतं का, ते त्या बघतात. मागच्या वेळी तुझी आई गेली. कडूबानं वर बघितलं नाही. ती बोळात भिंतीला टेकून उभी होती. या वेळी तुला सांगतील. सगळ्यांसमोर सांगतील, आता तुम्ही उठा, त्याला इथं ठेवा आणि बाहेर जा. ते ऐकलंस की समाजमंदिरातला तो दिवस तुझ्यापुढं उभा राहील, हे मला माहीत आहे. तुझे पाय बोळातून तसेच जिन्याकडं आणि जिन्यावरून स्टँडकडं जातील, याची मला भीती वाटते. म्हणून आधीच सांगून ठेवतो. जिना उतरू नकोस. दारासमोर ते बाकडं आहे, त्यावर मी बसलेला असेन. माझ्याजवळ येऊन बस. बोलू नकोस, मीही बोलणार नाही. थोड्या वेळानं आतून बाई हाक मारतील. मग ऊठ आणि आत जा. तो तुझ्याकडं बघेल की नाही, ते मला सांगता येत नाही, बेबी. बघणार नाही, असंच धरून चल. पण आई बाहेर गेल्यानं तपासणीचा तो भाग संपत नाही, बाईंनी मला सांगितलंय. ती परत आत आली की मगच संपतो.

मुलींना आशीर्वाद, अप्पारावांना जय भीम.

बाकड्यावर तुझी वाट बघणारा,
तुझाच,
बापू